बॅकअपची डिस्क किती टीबीची घ्यावी? दुकानाच्या वहीत मांडलेलं गणित

लातुरात घरावर टाकी बसवताना घरात माणसं किती एवढंच कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, तुमच्या गल्लीत नळ किती दिवसांनी येतो? आठ दिवसांनी येत असेल आणि तुम्ही पाचशे लिटरची टाकी मागितली, तर दुकानदारच तुम्हाला वेड्यात काढेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे शिकवायची गरज नाही. बॅकअपच्या डिस्कच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न विचारतच नाही. डेटा किती? दीडशे जीबी. मग एक टीबी घ्या, लई झालं.

मीही तेच केलं होतं. मी एका आडत दुकानाचा आणि त्याच मालकांच्या डाळ मिलचा हिशोब बघतो. कॉम्प्युटरचं शिक्षण काही नाही. ऑफिसात इंग्रजी मेसेज वाचणारा मी एकटाच, म्हणून बॅकअप माझ्या गळ्यात पडला. दिवाळीनंतर एक टीबीची डिस्क आणली, सॉफ्टवेअर लावून घेतलं आणि विसरून गेलो. चौथ्याच आठवड्यात डिस्क भरली. स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज एक छोटा मेसेज येत होता, तो मीच रोज बंद करत होतो. जानेवारीच्या शेवटी, ऐन तुरीच्या आवकेत, व्होल्टेजचा झटका बसून मुख्य कॉम्प्युटर गेला. शेवटचा बॅकअप निघाला डिसेंबरचा. सात आठवड्यांच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, कार्बन कॉपीवरून पुन्हा चढवल्या. अकरा रात्री लागल्या. मालक काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर हे गणित शिकलो. खाली त्या हंगामातलेच आकडे घेतलेत. तुमचे वेगळे असतील, पण मांडायची रीत हीच.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- एक वही. एक्सेल नको. कॉम्प्युटर बंद पडल्यावर जे वाचायचंय ते कॉम्प्युटरमध्ये ठेवून काय उपयोग?
- टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, बिलिंग, जे जे वापरता त्याचा डेटा कोणत्या फोल्डरात जातो, ते सॉफ्टवेअरवाल्याकडून लिहून घ्या. फोनवर ऐकलेलं चालणार नाही.
- सगळ्या कंपन्यांचे, म्हणजे टॅलीतल्या कंपन्यांचे, पासवर्ड आणि लायसन्सचे तपशील.
- सी.ए.कडून लेखी उत्तर: कोणते कागद आणि कोणता डेटा किती वर्षं ठेवायचा.
- चालू बॅटरीचा यूपीएस. पाच मिनिटांत मान टाकणारा नको.
- डिस्क अजून घेऊ नका. ती सहाव्या पायरीनंतर.

१. मालकांना आणि सी.ए.ला दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: किती मागचं परत लागू शकतं? दुसरा: कॉम्प्युटर आत्ता गेला तर किती दिवसांचं काम पुन्हा चढवायची आपली तयारी आहे?

दुसऱ्याचं उत्तर सोपं असतं. हंगामात एक दिवस. त्याहून जास्त म्हणणाऱ्यानं स्वतः पट्ट्या चढवलेल्या नसतात.

पहिल्या प्रश्नावर मालक म्हणतात, "सगळंच ठेव की." इथं फसू नका. सगळं ठेवायचं तर सगळ्याला जागा लागते. कायद्याचं म्हणाल तर साधारण असं आहे. फर्म कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात. जीएसटीचे हिशोब त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०२४-२५ चं विवरणपत्र भरायची तारीख ३१ डिसेंबर २०२५, तर हिशोब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. अपील वगैरे चालू असेल तर ते आणखी लांबतं. कंपन्यांना आणखी दोन गोष्टी आहेत. हिशोब कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर त्याचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ पासून तो रोज घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून नोंदीत केलेल्या प्रत्येक बदलाचा माग राहील असं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, आणि तो मागही डेटात साठत जातो. एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीतल्या आडतीला कंपन्यांचे हे नियम नाहीत. तरी तुमचं कलम कोणतं ते सी.ए.लाच ठरवू द्या.

पण "किती मागचं" हा निव्वळ कायद्याचा प्रश्न नाही. चूक किती उशिरा लक्षात येते, हा खरा प्रश्न आहे. एखाद्या शेतकऱ्याचं खातं दसऱ्याला चुकून दुसऱ्या खात्यात मिसळलं, तर ते कळतं तो पाडव्याला हिशोबाला येतो तेव्हा. कालचा बॅकअप तिथं कामाचा नाही, कारण चूक त्यातही आहे. तुम्हाला दसऱ्याच्या आधीची प्रत हवी.

म्हणून आम्ही असं ठरवलं: रोजच्या प्रती चार आठवडे, आठवड्याच्या प्रती चार, महिन्याच्या बारा, वर्षाच्या आठ. बहुतेक छोट्या दुकानांना एवढं पुरतं.

वर्षाच्या प्रतीबद्दल एक सांगून ठेवतो. ती ३१ मार्चला घेऊन मोकळे होऊ नका. ३१ मार्चनंतरही त्या वर्षाच्या नोंदी महिनोन्‌महिने चालू असतात. ऑडिट होऊन ताळेबंदावर सही झाली की त्या दिवशी घेतलेली प्रत म्हणजे खरी वर्षाची प्रत.

२. डेटा कुठं कुठं दडलाय ते शोधा

प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन बसा. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा आणि आकडा वहीत लिहा. आमच्याकडं निघालं ते असं:

- टॅली, सगळ्या वर्षांचा मिळून: ६ जीबी
- वजनकाट्याचा डेटाबेस: ३ जीबी
- आउटलुकमधले मेल: १८ जीबी
- एक्सेल, पत्रं, कोटेशन: ५ जीबी
- स्कॅन केलेल्या पावत्या, बिल्ट्या (मालवाहतुकीच्या पावत्या), ट्रकचे फोटो: १२० जीबी

एकूण १५२ जीबी.

हमखास सुटतात त्या जागा म्हणजे डेस्कटॉप, डाउनलोड्स, काट्यावरच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर आणि मालकांच्या पोराचा लॅपटॉप. आमच्या मिलमधल्या लॅब रिपोर्टचा एकमेव संच काट्यावरच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर "न्यू फोल्डर (३)" नावानं पडला होता.

सीसीटीव्ही यात धरू नका. एक कॅमेरा २ एमबीपीएसनं (सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे पाव एमबी) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. दोन टीबीची डिस्क बारा दिवसांच्या आत संपली. त्याला त्याचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगची पेटी, आहे. चोरी, भांडण, मापाचा वाद असं काही घडलं तर तेवढाच तुकडा काढून ठेवा.

३. हलता आणि निजलेला, असे दोन ढीग करा

सगळ्यात जास्त पैसे याच पायरीवर वाचतात, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

१५२ जीबीमधले १२० जीबी म्हणजे स्कॅन आणि फोटो. मागच्या वर्षीची बिल्टी आज बदलणार नाही, उद्याही नाही. ती निजलेली आहे. टॅली, काटा आणि चालू मेल मात्र रोज हलतात. दोघांना एकाच पोत्यात भरलं की दर आठवड्याच्या पूर्ण प्रतीत त्याच १२० जीबीच्या बिल्ट्या पुन्हा पुन्हा जातात. बारा महिन्यांच्या प्रती म्हणजे एक बिल्टी बारा वेळा.

मेलची गोष्ट त्याहून गंमतीची. आउटलुक सगळे मेल एका मोठ्या फाइलीत ठेवतं. त्यात आज एक ओळीचा मेल आला तरी ती अख्खी फाइल "बदललेली" दिसते आणि साधं बॅकअप सॉफ्टवेअर अख्खे १८ जीबी पुन्हा उचलतं. रोज. काट्याच्या डेटाबेसचंही तसंच, एक ट्रक तोलला की पूर्ण फाइल. टॅलीतही तुम्ही एक व्हाउचर टाकलं तरी त्या कंपनीच्या मोठ्या फाइली बदललेल्या दिसतात.

आम्ही जुन्या वर्षांचे मेल वेगळ्या फाइलीत काढून निजलेल्या ढिगात टाकले. १६ जीबी तिकडं गेले, चालू फाइल २ जीबीची राहिली. आता वही अशी झाली:

- हलता: टॅली ६, काटा ३, मेल २, एक्सेल वगैरे ५. मिळून १६ जीबी.
- निजलेला: स्कॅन १२०, जुने मेल १६. मिळून १३६ जीबी.

निजलेल्या ढिगाची प्रत एकदाच घ्यायची आणि त्यात फक्त भर घालत जायची. सॉफ्टवेअरमध्ये "मूळ जागेवरून काढलेलं बॅकअपमधूनही काढा" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. नाहीतर नवीन पोरानं चुकून २०२१ चा फोल्डर उडवला की रात्री बॅकअपमधूनही तो इमानदारीनं उडेल.

जाता जाता स्कॅनरची सेटिंगही बघा. आमचा स्कॅनर सहा वर्षं रंगीत, ६०० डीपीआयवर होता. ३०० वर आणला की ठिपके चौथ्या हिश्शावर येतात. बिल्टीला रंग लागत नाही आणि ३०० वर ड्रायव्हरची सहीसुद्धा नीट वाचता येते.

४. रोज किती बदलतं ते हंगामात मोजा

जुलैत मोजलंत तर फसाल. पेरण्या चालू असतात, मोंढ्यात शुकशुकाट, दिवसाला वीस पावत्या. दसरा-दिवाळीला सोयाबीन आणि जानेवारीपासून तूर सुरू झाली की तोच काटा रात्री दहापर्यंत चालतो. टाकीचं माप उन्हाळा धरून काढतात, तसं हे हंगाम धरून काढायचं.

मोजायची साधी रीत: बॅकअप सॉफ्टवेअर रोज किती जीबीची प्रत बनवतं, ते हंगामातल्या सहा दिवसांत वहीत लिहा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. सरासरी नको.

आधी, सगळं एका पोत्यात असताना, रोजची प्रत २३ जीबीची होती. टॅलीच्या चालू कंपन्या २, काटा ३, मेल १८, बाकी किरकोळ. ढीग वेगळे केल्यावर ती ७ जीबीवर आली. शिवाय स्कॅनची रोज साधारण ०.१५ जीबी भर पडते, म्हणजे कामाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला ४५ जीबी.

इथं दोन शब्द समजून घ्या, कारण सॉफ्टवेअरमध्ये ते विचारले जातात. "इन्क्रिमेंटल" म्हणजे कालच्या प्रतीनंतर बदललं तेवढंच. जागा कमी लागते, पण परत काढताना पूर्ण प्रत आणि मधली प्रत्येक कडी शाबूत लागते. बुधवारची कडी तुटली तर गुरुवार, शुक्रवारही गेले. "डिफरन्शियल" म्हणजे शेवटच्या पूर्ण प्रतीनंतर बदललेलं सगळं. शनिवारपर्यंत ती फुगत जाते, पण परत काढायला दोनच तुकडे लागतात. आम्ही इन्क्रिमेंटल घेतो आणि दर रविवारी नवी पूर्ण प्रत, म्हणजे साखळी आठवड्यापेक्षा लांबत नाही.

५. आता गणित

आधी एका पोत्याचं. म्हणजे मी केलेली चूक पुढं चालू राहिली असती तर:

- आठवड्याच्या पूर्ण प्रती ५ × १५२ = ७६० जीबी
- रोजच्या प्रती, आठवड्याला सहा, चार आठवडे: २४ × २३ = ५५२
- महिन्याच्या १२ × १५२ = १,८२४
- वर्षाच्या ८ × १५२ = १,२१६

बेरीज ४,३५२ जीबी.

आठवड्याच्या प्रती चार ठरवल्या होत्या, मग पाच का? कारण नवी पूर्ण प्रत नीट तयार झाल्याशिवाय सॉफ्टवेअर जुनी काढत नाही, आणि काढूही नये. त्या काही तासांत दोन्ही एकत्र नांदतात. एकीची जागा जास्तीची धराच. ती न धरल्यामुळं भरलेल्या डिस्का मी नंतर दोन ओळखीच्या दुकानांत पाहिल्या.

आता ढीग वेगळे केल्यावर:

- हलत्याच्या आठवड्याच्या प्रती ५ × १६ = ८०
- रोजच्या २४ × ७ = १६८
- महिन्याच्या १२ × १६ = १९२
- वर्षाच्या ८ × १६ = १२८
- हे झाले ५६८, अधिक निजलेला ढीग एकदाच, १३६

बेरीज ७०४ जीबी. डेटा तोच, मागं जायची सोय तेवढीच, आणि जागा सहाव्या हिश्शाच्या आसपास.

सॉफ्टवेअरवाला म्हणेल, कॉम्प्रेशन आहे, निम्मी जागा लागेल. अर्धं खरं आहे. आमचा टॅलीचा फोल्डर झिप केला की निम्म्याहून लहान होतो. पण फोटो आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ आधीच दाबलेल्या असतात, त्या पुन्हा दाबल्या तरी जवळपास तेवढ्याच राहतात. मी कॉम्प्रेशन गणितात धरत नाही. मिळालं तर वरकड.

६. तीन वर्षांची वाढ आणि टीबीचा खोटा काटा

डिस्क आजसाठी घेत नाही आपण. मी तीन वर्षं धरतो. त्यापुढं एकाच डिस्कवर भिस्त ठेवू नये असं माझं मत.

हलता डेटा वर्षाला २० टक्के वाढेल असं धरलं तर तीन वर्षांत तो १.७३ पट होतो. ५६८ चे ९८२ झाले. निजलेल्यात वर्षाला ४५ प्रमाणे १३५ ची भर, म्हणजे २७१. एकूण १,२५३ जीबी. चौथा हिस्सा डिस्क कायम मोकळी राहावी म्हणून याला ०.७५ नं भागा: साधारण १,६७० जीबी.

मग दोन टीबीची डिस्क पुरेल का? इथं एक गोम आहे. डिस्क बनवणारे एक टीबी म्हणजे एक हजार जीबी धरतात. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. म्हणून एक टीबीची डिस्क लावली की ९३१ जीबी दिसतात, दोन टीबीची १,८६२ आणि चार टीबीची ३,७२५. कोणी चोरी केलेली नसते, फक्त दोघांचा काटा वेगळा. तुम्ही फोल्डरचे आकडे विंडोजमध्ये मोजलेत, तर डिस्कही विंडोजच्याच मापानं बघा. १,६७० लागणार, १,८६२ मिळणार. दोन टीबी पुरते.

आणि एका पोत्याचे ४,३५२? तीन वर्षांची वाढ न धरताही चार टीबीची डिस्क कमी पडली असती.

७. डिस्क घेताना

एक नाही, दोन घ्या, सारख्या मापाच्या. एक या आठवड्यात दुकानात, दुसरी बाहेर, रविवारी अदलाबदल. दोन्हींवर मार्करनं "अ" आणि "ब" लिहा. एक लक्षात ठेवा: अदलाबदल करणार असाल तर प्रत्येक डिस्कवर तिची स्वतःची पूर्ण साखळी हवी. अर्ध्या कड्या "अ"वर आणि अर्ध्या "ब"वर असं झालं की दोन्ही निकामी. म्हणजे १,६७० जीबी प्रत्येक डिस्कवर लागतात, दोन्हीत वाटून नाही. एकाआड एक आठवडा येत असल्यानं रोजच्या प्रती प्रत्येकीवर निम्म्याच पडतील. ती बचत मोजू नका, मोकळी राहू द्या.

साधी फिरणारी हार्ड डिस्क घ्या. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी नको, विजेशिवाय बराच काळ पडून राहिली तर तिच्यातला डेटा जाऊ शकतो. रोज कामाच्या कॉम्प्युटरमध्ये ती उत्तमच.

कॉम्प्युटरच्या निळ्या यूएसबी पोर्टलाच लावा. जुन्या यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे १३६ जीबीला सव्वा तास. नव्या पोर्टवर सेकंदाला शंभरेक मिळाले की २३ मिनिटं.

पेन ड्राइव्हवर बॅकअप घेत असाल तर दोन खड्डे आहेत. बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ प्रकारात येतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. ड्राइव्ह रिकामा दिसतो, पण फाइल जात नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या. दुसरा खड्डा, पाचशे रुपयांत मिळणारा दोन टीबीचा पेन ड्राइव्ह. तो आत ३२ किंवा ६४ जीबीचाच असतो, फक्त विंडोजला दोन टीबी सांगतो. भरल्यावर जुन्यावरच नवं लिहितो आणि तक्रारही करत नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून तपासतं. नवी डिस्क आणली की मी ते एकदा रात्रभर चालवतो.

नेटवर्कवरची दोन-चार डिस्कांची पेटी कोणी सुचवेल. चांगली गोष्ट आहे, पण तिच्यात रेड-१ (दोन्ही डिस्कांवर एकच डेटा लिहायची पद्धत) लावून दोन चार-टीबी डिस्क घातल्या तर जागा चारच टीबी मिळते, आणि चार डिस्क रेड-५ (एका डिस्कएवढी जागा राखीव ठेवणारी पद्धत) मध्ये घातल्या तर बारा. एक डिस्क मेली तर ती पेटी सांभाळून घेते. पण फाइल तुम्ही उडवली, किंवा व्हायरसनं सगळ्याला कुलूप घातलं, तर आरशासारखं दोन्हीकडं तेच दिसणार. रेड म्हणजे बॅकअप, असं सांगणाऱ्याकडून बॅकअप लावून घेऊ नका.

कुलूप घालणाऱ्या व्हायरसमुळंच दुसरी डिस्क सुटी काढून ठेवायची. लावलेली डिस्क त्याच्या तावडीत सापडते. कपाटातली सापडत नाही.

८. एक प्रत दुसऱ्या छपराखाली

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक बाहेर, असा एक जुना नियम बॅकअपवाले सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आठवणाऱ्या लातूर-धाराशिवच्या माणसाला "बाहेर" का, ते विचारावं लागत नाही. आमची "ब" डिस्क मालकांच्या औशाच्या घरी असते. शेजारच्या दुकानात ठेवू नका, आग आणि पाणी भिंत बघत नाहीत.

नेटवर ठेवायचं असेल तर आधी अपलोडचा वेग मोजा. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. अपलोड १० एमबीपीएस मिळाला तर तासाला साडेचार जीबी जातात. निजलेला १३६ जीबीचा ढीग पहिल्यांदा चढायला तीस तासांहून जास्त, तेही लाइट आणि नेट न जाता. तो डिस्कवरच राहू द्या. रोजची ७ जीबीची प्रत दीड तासात जाते, तेवढी पाठवा. नेटवर जागा घेताना फक्त हलत्या ढिगाच्या चार आठवड्यांची धरा: ८० अधिक १६८, म्हणजे २४८, वाढ धरून साडेचारशे जीबीच्या आत.

गुगलची फुकटची १५ जीबी जागा यात कुठंच बसत नाही, आणि तिच्यात मेल, फोटोही मोजले जातात. शिवाय कॉम्प्युटरवरचा फोल्डर ड्राइव्हशी सिंक करणं म्हणजे बॅकअप नव्हे. इकडं उडालं की तिकडंही उडतं, कचरापेटीत महिनाभर राहतं आणि मग तिथूनही जातं.

९. वेळ कोणती?

सॉफ्टवेअरवाला रात्री अकराची वेळ लावून गेला होता. आमच्याकडं शेवटचा माणूस जाताना मेन स्विच पाडतो, शॉर्टसर्किट नको म्हणून. तुमच्याकडंही पाडत असतील, विचारून घ्या. कितीतरी दुकानांत रात्रीचा बॅकअप कागदावरच चालतो.

आम्ही तो काटा बंद झाल्यावर, मेन स्विच पाडायच्या आधी लावलाय. टॅली सगळ्या कॉम्प्युटरवर बंद करायची आणि मगच सुरू करायचा, नाहीतर अर्ध्या लिहिलेल्या फाइली उचलल्या जातात. उन्हाळ्यात डिस्क पत्र्याखालच्या काट्याच्या खोलीत ठेवू नका. ऑफिसात, यूपीएसवर, आणि यूपीएसचं एक तरी सॉकेट तिच्यासाठी मोकळं.

१०. महिन्यातून एकदा परत काढून बघा

पाच तारखेला आम्ही एक वर्षाची, एक महिन्याची आणि एक कालची, अशा तीन प्रती दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत काढतो. टॅलीचा डेटा नेहमी वेगळ्या रिकाम्या फोल्डरात काढा. चालू फोल्डरात काढलात तर आजच्या डेटावर जुना बसेल, आणि हे मी एका अनुभवी माणसाच्या हातून झालेलं पाहिलंय. काढल्यावर एखाद्या शेतकऱ्याची पट्टी उघडा आणि कागदाशी ताडा. नुसती फाइल दिसली म्हणजे झालं असं नाही. परत काढायलाही जागा लागते, त्या कॉम्प्युटरवर दाबलेली प्रत आणि उघडलेला डेटा दोन्ही मावतील एवढी. किती वेळ लागला तेही लिहा. "तासात चालू होईल का?" हा मालकांचा पहिला प्रश्न असतो.

बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो वहीत नको, मालकांच्या तिजोरीत पाकिटात ठेवा. पासवर्ड हरवलेला बॅकअप उघडून देणारा कोणी भेटत नाही.

वहीत एक पान यासाठी राखून ठेवा. रकाने पाच: तारीख, कोणती डिस्क, प्रत किती जीबीची, डिस्कवर मोकळं किती, सही. मोकळी जागा चौथ्या हिश्शाखाली गेली की त्या ओळीखाली लाल रेघ. रोजच्या प्रतीचा आकडा एकदम दुप्पट झाला तरी लाल रेघ, कारण मग कोणीतरी हलत्या फोल्डरात लग्नाचा व्हिडिओ टाकलेला असतो. आमच्याकडं मागच्या वैशाखात टाकला होता, १९ जीबीचा. आणि आकडा एकदम शून्यावर आला तर चहा बाजूला ठेवून लगेच बघा.

तीन वर्षांनी डिस्क बदलताना जुनीवरच्या वर्षाच्या प्रती आणि निजलेला ढीग नवीवर उतरवून, उघडून बघून, मगच जुनी मोकळी करा. भंगारवाल्याला देण्याआधी ती पूर्ण पुसून घ्या किंवा मिलच्या फिटरकडून तिला ड्रिलनं आरपार भोकं पाडून घ्या. आमच्या फिटरनं तीन भोकं पाडली आणि ती काट्याच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवली.